छत्तीसवरून चाळीस

प्रिय बारक्या,

दोन पोरांचा बाप झालास तरी मला तू बारक्याच. सकाळपासून नऊदा फोन लावला. तुमच्या गोदामात फोन दारातच काढून घेतात हे माहीत असूनही लावला. शेवटी तुमच्या गोदामाकडे निघालेल्या ट्रकवाल्या काकांना गळ घातली. हे पत्र आज, शनिवारीच, तुझ्या हातात द्यायचं त्यांनी कबूल केलंय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, कारण घाईत लिहितेय. मला फार भीती वाटतेय रे.

बाबा उन्हं असतानाच कामावरून घरी यायला लागले होते, आठवतंय? आपण दोघं काय खूश! त्यांच्या खांद्यावर बसून तू अख्खी गल्ली फिरायचास. आई मात्र भांडी आपटायची, म्हणून आपण तिलाच खडूस ठरवलं. तीन महिन्यांनी बाबांचं काम सुटलं. ते कोडं मला इथे, पंपांच्या कारखान्यात, टाइम ऑफिसात बसायला लागल्यावर उलगडलं. मालक माणसं कमी करण्याआधी तास कमी करतो. आधी ओव्हरटाइम जातो, मग शनिवार, मग माणूस. म्हणून तर सरकार दर महिन्याला आमच्याकडून आठवड्याचे सरासरी तास मागवतं. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यातून आधी दिसतं. अकरा वर्षं मी तो तक्ता भरतेय. इथे मला हुशार समजतात, बरं का!

वर्षभर आकडा घसरत होता. चव्वेचाळीस, एकेचाळीस, छत्तीस. गेल्या आठवड्यात एकदम चाळीस आला. एकूण तास आणि माणसं वरून लिहून आली होती, मी फक्त भागाकार केला. उत्तर बघून इतकी हुरळले, की माणसं किती उरली ते वाचलंच नाही.

आज हजेरीची कार्डं लावताना वीस खण रिकामे दिसले. अर्धा आठवडाच काम मिळणारी, वीस तास भरणारी ती वीस माणसं. त्यांना गुपचूप घरी पाठवलंय. उरलेली ऐंशी आधीही चाळीसच तास करत होती, आजही तेवढेच करतात. कमी तासांचे लोक यादीतून गेले आणि सरासरी आपोआप वर चढली. कुणाचं काम एका मिनिटानंही वाढलेलं नाही. आता मशीनवरच्या कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

आणि तो चाळीस बघूनच मी तुला कळवलं होतं, की आता आमच्याकडे भरती निघणार, नोटिशीचा महिना धरून सोमवारीच राजीनामा दे. खरं सांगू? तू जवळ हवा होतास, म्हणून मी काही तपासलं नाही. राजीनामा देऊ नकोस. तू पहिल्यापासून उतावळा, आजच दिला असलास तर परत माग, साहेबांच्या पाया पड, बहिणीला वेड लागलंय म्हणून सांग. सहा वर्षं तुझ्या मागे लागले होते इकडे ये म्हणून. आता हात जोडते बाळा, येऊ नकोस.

तुझीच, चुकलेली
ताई