अक्काच्या तीन लाथा आणि नांदेडचं ऑपरेशन

ती. शिवकन्याअक्कास,

मुदखेडहून धाकट्या बालाजीचा साष्टांग नमस्कार (डॉक्टरांनी दोन महिने वाकायला मनाई केली आहे, म्हणून उभ्यानेच घातला, गोड मानून घे). दाजींचा खोकला थांबला का? म्हैस पान्हावते का? आणि तुझा राग?

अक्का, तू पायाळू. तुझी लाथ बसली की शिरूर अनंतपाळातली कुठलीही उसण पळते, हे मी कधीच नाकारलं नाही. मलाही तू तीन मारल्यास. पण माझी उसण नव्हतीच गं, मणक्यातली गादी सरकून नस दाबत होती. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो पाहून विचारलं, "कुठून पडलात?" म्हटलं, "पडलो न्हाई साहेब, बहिणीनं पाडलं." ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, चौथी बसली असती तर पाय लुळा पडला असता. (हे तुला कळवणार नव्हतो.)

ऑपरेशन म्हणजे पेन्सिलीएवढी नळी, तिच्यात कॅमेरा, आणि मी टक्क जागा! भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. "पायात कळ आली तर बोला," म्हणाले, तर मी भीतीने बोलतच सुटलो. तू तुझ्या लग्नात मांडवात रुसून बसलीस तेही सांगून टाकलं. नर्सबाई हसतात, डॉक्टर ओरडतात, "हलू नका!" शेवटी ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा तुकडा निघाला आणि चार महिन्यांची कळ थांबली. संध्याकाळी मी आपल्या पायांनी चालत संडासला गेलो आणि तिथे आनंदाने रडलो.

पंचाईत अशी की भेटायला येणाऱ्यांना दाखवायला काहीच नाही. टाका एकच. शेजारचे धोंडप्पा डझनभर केळी घेऊन आले, पट्टी पाहिली, "हाव का? एवढंच? बाभळीचा काटा काढताना ह्याच्याहून मोठं भोक पडतंय की!" म्हणाले आणि सहा केळी परत घेऊन गेले. लोक म्हणतात, अक्काची लाथच उशिरा लागू पडली. मी मान डोलावतो.

रविवारी लेकीचं बारसं. तू येणार नाहीस, असा निरोप दाजींनी दिला. अगं, आत्याच नसेल तर बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? तुझ्याशिवाय मला ते बारसं गोड लागायचं नाही. ये.

तुझा,
बालाजी

ता. क. लेकीच्या वेळी आरतीचं सिझर झालं हे तुला ठाऊक आहे, का झालं ते नाही. बाळ पोटात उलटं होतं, पाय आधी आले. सिझरची पायाळू धरायची की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. निकाल तूच द्यायचास.

आणखी एक. आज लेकीकडे पाठ करून पडलो होतो. तिची लाथ नेमकी टाक्यावर बसली. दुखलं नाही गं, उलट बरंच वाटलं. डॉक्टरांना सांगू नकोस.