राखीव कुपी

सर,

कुपी फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवलीय. तीन दहा झालेत. चार दहापर्यंत तिला हात लावायचा नाही, तुमचाच नियम. तोवर दुसरं काही काम नाही, म्हणून लिहायला बसलेय. आज नवीन डीप फ्रीझर आला, जुना रिकामा करावा लागला. सकाळपासून बर्फ खरवडून खरवडून हात गेले कामातून. कंबर बोलतेय. बोरीवलीहून मुलुंडच्या या गाळ्यावर रोज यायचं, तुमची लॅब चालवायची, संध्याकाळी परत जायचं, आताशा सगळ्याचाच कंटाळा येतो हो. तर तळाच्या थर्मोकोलच्या खोक्यात ती सापडली. सापडली कसली, ती तिथे आहे हे मला चौदा वर्षं माहीत होतं.

तुमच्याकडे नुकतीच लागले होते तेव्हाचं आठवतं. तुमच्या घरी स्वयंपाकघरात मी उभी आहे, काकू ओट्याशी भेंडी चिरतायत आणि तुम्ही फ्रीजमधला रव्याचा डबा काढून तिथल्या तिथे झाकण उघडून ठेवताय. काकू ओरडल्या, "अहो, माझा रवा कशाला नासवताय? ओल धरेल तो!" तुम्ही म्हणालात, "धरू दे. हिला बघू दे." दुसऱ्या दिवशी तोच डबा गाळ्यावर घेऊन आलात. आत गाठी. "गार डबा उघडला की हवेतलं पाणी आत शिरतं. बाहेर काढायचा, तासभर थांबायचं, मग उघडायचा. या रव्याचा तुझी काकू उपमा तरी करेल. आपल्या लायसिनचा उपमा होत नाही, कळलं काय गं?" मी हसले होते. इतकं साधं कोण विसरेल, असं वाटलं होतं.

ती लायसिन काय होती हे तुम्हाला मी काय सांगणार, पण नवीन माणूस आलं की मी असं सांगते. लायसिन म्हणजे डाळीत, दुधात असतं तेच साधं अमिनो आम्ल. सरांनी तिच्या एका टोकाला दिव्याखाली चमकणारा रेणू जोडला, दुसऱ्याने कशाला चिकटू नये म्हणून त्यावर टोपी घातली, आणि तिसरं टोक असं उतावळं करून ठेवलं की समोर येईल त्याला लगेच चिकटावं. संशोधकांना पेशीत काय कुठे जातं ते तिच्या उजेडावरून बघता यायचं. फक्त पाणी लागलं की ते उतावळं टोक मेलंच. तुमची आठ वर्षं गेली त्यात. कॉलेजातून रिटायर झाल्यावर लोक फिरायला जातात, तुम्ही या गाळ्यात उभे राहायचात, पायाला सूज येईपर्यंत.

पहिली मोठी ऑर्डर पाठवायची तो जुलैचा दिवस. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेला होतात. मला बहिणीच्या साखरपुड्याची साडी आणायला घाटकोपरला जायचं होतं, दुकानवाल्याने सहाच्या आत बोलावलेलं. लायसिनची बाटली फ्रीझरमधून काढून दहा मिनिटंही झाली नव्हती. काच घामाने भिजलेली होती आणि मी झाकण फिरवलं. पावडर चमच्याला चिकटली तेव्हाच कळलं होतं मला. तरी वजन केलं, भरलं, सील लावलं आणि कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. साडी जांभळी होती. अजून कपाटात आहे, बहिणीने एकदाच नेसली.

दोन आठवड्यांनी ऑर्डरवाल्यांकडून कळलं, माल निम्मा मेलेला आहे. तुम्ही बाटलीत उरलेलं तपासलंत. शुद्ध असेल तर पट्टीवर एक ठिपका, बिघडलं असेल तर दोन. दोन होते. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तासभर थांबली होतीस ना?"

"हो सर."

"मग राखीव कुपी फोडून बघ."

प्रत्येक मालातला थोडा भाग काचेच्या कुपीत घालून, तोंड वितळवून बंद करून ठेवायचा, ही तुमची पद्धत. पाण्याचा थेंब आत जायची सोय नाही; त्यातला माल चांगला निघाला तर चूक बाटली उघडणाऱ्याचीच. मी आतल्या खोलीत गेले, फ्रीझर उघडला, बंद केला, दीड तास तिथेच बसून बाहेर आले. "बघितलं सर. त्यातही दोनच." वहीत तसं लिहिलंसुद्धा. तुम्ही चष्मा काढून किती तरी वेळ पुसत बसलात. मग म्हणालात, "म्हणजे माझीच पद्धत फसली." ती वही खणात गेली ती गेलीच. त्यानंतर आपण साधाच माल केला, जो कोणीही करतो. दोन वर्षांत तुम्ही गेलात. त्याआधी तुमचा तो हातातला दिवा मला दिलात, ठिपके बघायचा. "तुझी नजर माझ्यापेक्षा खरी आहे, ठेव." सर, तेव्हा तरी बोलायला हवं होतं मी. लाज वाटते हो.

काकूंकडे मी अजून गणपतीला जाते. त्या म्हणतात, शेवटी ह्यांचं मन त्या लायसिनमधून उठलं ते उठलंच. मी मोदक खात राहते.

चार दहा झाले. काच कोरडी आहे. फोडली.

पावडर कागदावर सुटी पडली, एक गाठ नाही. तरी पट्टी केली. आज माझी नजर शाबूत आहे का कोण जाणे, म्हणून दोनदा केली. हे सगळं काकूंना वाचून दाखवावं असं मघाशी वाटत होतं, आता तेवढा धीर नाही. कागद त्याच वहीत ठेवतेय, मी खोटं लिहिलं होतं त्या पानावर.

एक सांगायचं राहिलं. लाइट घालवून तुमचा दिवा पट्टीवर धरला तेव्हा मी मनात म्हणत होते, देवा, दोन दिसू देत. एकच होता, सर.