जानेवारीतली टेस्ट

प्रिय हेड्डा,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला माहीत नाही. मला तुझा राग आलाय. आधी एवढंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना तुला वाटायला नको की धाकटा भाऊ मेल्केर नेहमीसारखा इकडचं तिकडचं लिहितोय. समोर असतीस तर दोन मिनिटांत मला गुंडाळलं असतंस. "अरे, बास की आता," म्हणाली असतीस आणि मी बास केलं असतं. म्हणून लिहितोय. चुका काढत बसू नकोस, शाळा मी दीड वर्षापूर्वीच सोडलीय.

टायरच्या दुकानात सध्या मान वर करायला वेळ नाही. पंधरा एप्रिलच्या आत बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर कायद्याने उतरवायचे असतात हे दर वर्षी गावाला एकदमच आठवतं. आणि गाडी लावली की प्रत्येक जण विचारणार, "मग, आपली लोखंडी हेड्डा काय म्हणते?" मी मान हलवतो. बोलायचं काम आमचा मालक तोर्ड करतो. त्याला तुझ्याबद्दल बोलायला इतकं आवडतं की तो नट आवळायचे विसरतो, मग ते मी आवळतो. काल रोल्फ आला होता. तोच, पोस्टाची गाडी चालवून झाली की तुम्हाला फुटबॉल शिकवायला यायचा तो. त्याने परत ती गोष्ट काढली. तू सात वर्षांची, मुलांच्या टीममध्ये एकटी मुलगी, खडीचं मैदान, चेंडू नाकावर बसला, भळाभळा रक्त. तू मूठभर बर्फ नाकाला लावलास आणि म्हणालीस, "कॉर्नर आपला आहे ना?" सगळे हसले. "अशी पोरगी परत होणे नाही," रोल्फ म्हणाला. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय आणि शंभर वेळा माझी छाती फुगलीय. काल मात्र वाटलं, हातातला पाना त्याच्या पायावर टाकावा. कोणी विचारलं का तेव्हा, त्या पोरीला घरी का नाही पाठवलं म्हणून?

तुझं सगळं करिअर मला तुझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पंधराव्या वर्षी तू फुटबॉलच्या शाळेत गेलीस. मी सात वर्षांचा होतो, तुझ्या खोलीत झोपायला मिळणार म्हणून खूश होतो, आणि पहिल्या आठवड्यातच तिथून पळून आईजवळ गेलो. सतराव्या वर्षी तुझी वरच्या लीगमधली पहिली मॅच. आई आणि मी चार तास गाडीने आलो. एक्क्याऐंशीव्या मिनिटाला तुला आत सोडलं. तू चार वेळा चेंडूला पाय लावलास, चारही पास बरोबर गेले. आई कॉफी आणायला गेली होती, तिला त्यातले दोनच दिसले. मग इटली. तिथे एक अख्खं वर्ष तू बाकावर बसून काढलंस. फोनवर सांगायचीस, इथे मिडफिल्डरला कोणी चेंडूला डोकं लावू देत नाही, सगळं पायाने. तुला त्याचा वैताग आला होता. मला आता वाटतं, तिथेच राहायला हवं होतंस.

परत आलीस आणि पुन्हा डोकं लावायला लागलीस. उंच चेंडू आला की मधल्या फळीतून तूच उडी मारणार, हे सगळ्या लीगला माहीत झालं. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये समोरच्या टीममधल्या त्या उंच बाईचं कोपर तुझ्या कानामागे बसलं. तू उठलीस, चुकीच्या बाजूला धावलीस, मग वळलीस. वीस मिनिटं आणखी खेळलीस. पेपरवाल्यांनी लिहिलं 'लोखंडी हेड्डा', आणि किराणा दुकानाच्या बाईने ते कापून दुधाच्या फ्रीजवर लावलं. अजून तिथेच आहे.

त्या नाताळात काय झालं ते तुला आठवतंय का? मी सांगतोच. तू स्वयंपाकघरात केशराचा पाव खात होतीस आणि मला म्हणालीस, "मेल्केर, मला एका कामात मदत कर, आईला नको सांगूस." दर जानेवारीत क्लबमध्ये तुम्हाला डोक्याची टेस्ट देतात. बारा शब्द दाखवायचे, मग विचारायचे. आकृत्या ओळखायच्या, लाल चौकोन आला की पटकन बटण दाबायचं. पुढे डोक्याला मार लागला तर तीच टेस्ट परत घेतात आणि जानेवारीतल्या आकड्यांशी ताडून बघतात. आकडे घसरले तर खेळायचं बंद. तुमच्या टीममधल्या थोरल्या पोरींनी तुला अक्कल शिकवली होती. जानेवारीतच वाईट दे. मुद्दाम. म्हणजे नंतर खरंच वाईट गेली तरी आकडे सारखेच दिसतील.

पण फार वाईट दिली तर डॉक्टरला संशय येतो. म्हणून सराव पाहिजे. मी बारा शब्द वाचायचे आणि तू त्यातले सातच सांगायचे, थोडं अडखळून, कपाळ चोळून. पहिल्यांदा तू अकरा सांगितलेस, तुला राहवेना. मी म्हणालो, "तू भलतीच हुशार दिसतेस, शाळेत माझ्याकडे बघायला हवं होतंस, सात म्हणजे काय ते कळलं असतं." तू इतकी हसलीस की पाव घशात अडकला. तीन दिवस आपण ते केलं, आणि त्यानंतर दर जानेवारीत तू सातच सांगितलेस. खरं सांगू, ते तीन दिवस मला फार आवडले. आपण दोघांनी मिळून कधी काही केलं नव्हतं. तू कायम बाहेर. तू मला तुझ्या गुपितात घेतलंस आणि मी मूर्खासारखा शब्द वाचत बसलो. तेव्हा मी पंधराचा होतो. माझा माझ्यावरचा राग पण यात धर.

गेल्या ऑगस्टमध्ये दुसरा मार. टेस्ट घेतली, आकडे सारखे, नऊ दिवसांनी तू मैदानात. आता मार्चमध्ये कपच्या मॅचला तिसरा. परत टेस्ट, परत आकडे सारखे. तुझ्या कोचने टीव्हीवर सांगितलं, "हेड्डा पूर्ण बरी आहे, टेस्टच तसं म्हणते."

आणि मग तू ईस्टरला घरी आलीस. खोलीचे पडदे ओढलेलेच. चमचा ताटलीवर वाजला तरी तुझा चेहरा आक्रसायचा. आईने हेरिंग मासा केला होता, तू दोन घास खाल्लेस. शनिवारी तू आईची गाडी घेऊन दूध आणायला गेलीस आणि चाळीस मिनिटं आली नाहीस. मी सायकलने आलो तर तू दुकानासमोर गाडीत बसलेली, इंजिन चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. म्हणालीस, "डावीकडे की उजवीकडे?" हेड्डा, आपल्या घरी यायला एकच रस्ता आहे. तू जन्मलीस तेव्हापासून तोच आहे. मी सायकल डिकीत टाकली आणि म्हणालो, डावीकडे. वाटेत तू रेडिओबद्दल काहीतरी बोललीस, जणू काही झालंच नाही.

अंगणात मी म्हणालो की डॉक्टरला सांग. एवढंच म्हणालो. तर तू काय म्हणालीस? "तुला वर्गात चार ओळी वाचायला सांगितल्या तर तू शाळाच सोडून आलास. आता मी पण पळू का? जूनमध्ये स्पर्धा आहे, मेल्केर. देशाकडून अकरा मिनिटं खेळलेय मी आजवर. अकरा." मग दार आपटलंस, आणि त्या आवाजाने स्वतःच भिंतीला टेकून उभी राहिलीस. ते मी काचेतून बघितलं. मला लागलं ते बोलणं. खरं आहे म्हणून जास्त लागलं. पण पळण्यातलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू पण पळतेच आहेस, फक्त तुला बघायला माणसं जमतात.

मी आईला विचारलं, तुला दिसत नाही का. ती बटाटे सोलत म्हणाली, "मोठी आहे ती. तिचं तिला कळतं." मग बराच वेळ तिने एकच बटाटा सोलला, सुपारीएवढा उरला तो. तिलाही दिसलंय. रोल्फलाही दिसेल, तोर्डलाही. इथे सगळ्यांना सगळं दिसतं आणि कोणी कोणाच्या तोंडावर काही बोलत नाही, मग त्याला आपण समजूतदारपणा म्हणतो. मला त्या समजूतदारपणाचा वीट आलाय. फ्रीजवरचं ते कात्रण मी सोमवारी फाडलं. बाई म्हणाली, "अरे, काय झालं?" मी नेहमीप्रमाणे काही बोललो नाही.

पण दुसऱ्या दिवशी बोललो. दुपारच्या सुट्टीत टायरच्या गोदामात गेलो आणि तुमच्या डॉक्टरला, बूदिलला, फोन केला. मी पिझ्झासुद्धा दुसऱ्याला मागवायला लावतो, तुला माहीत आहे. तिने दोनदा "हॅलो" म्हटलं. पण फोन ठेवला नाही. मग मी सगळं सांगितलं. बारा शब्द, सात, नाताळचे तीन दिवस, दुकानासमोरची गाडी. जानेवारीचे तुझे आकडे खोटे आहेत आणि ते खोटे करायला मीच शिकवलं, असं सांगितलं. तिने विचारलं, "तुझं नाव यात नको आणू का?" मी म्हणालो, आण. तोर्ड उद्या तुमच्या शहरात माल आणायला येतोय, हे पत्र तो तुझ्या दारात टाकेल. परवा सकाळी बूदिल तुला बोलावणार आहे. तुला ते तिच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे लिहिलं. रविवारी तू खेळणार नाहीस. जूनचं बहुतेक जमणार नाही, आणि पुढचं मला कोणी सांगितलेलं नाही. हे मी केलंय. माफी मागत नाही. माझ्याशी बोलणं सोडायचं असेल तर सोड. चाळिशीची होशील आणि मला रस्त्यात बघून तोंड फिरवशील, तरी चालेल. फक्त मी कोण आहे ते आठवून फिरव.

तुझाच, तुला आवडो न आवडो,
मेल्केर