कुंदाआत्या, गोळी बंद झाली

प्रिय कुंदाआत्या,

जयभीम.

काल डॉक्टर मॅडमनी माझी गोळी बंद केली. हिवाळ्यापासून त्या ती थोडीथोडी कमी करतच होत्या. काल म्हणाल्या, आता नको. दुर्गहून परतताना ऑटोत बसल्याबसल्या मी फोन काढला आणि तुझं नाव शोधलं. नाव अजून आहेच. मग आठवलं, तुला जाऊन वर्ष होत आलं. घरी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, दोघंही खूश झाले. पण ही बातमी आधी तुझ्या हक्काची होती, म्हणून लिहायला बसले. शाळेत सगळं हिंदी-इंग्रजीच झालं, मराठी फक्त घरात बोलायची. चुका दिसल्या तर हस खुशाल.

तू स्टील प्लांटच्या सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरवर आलीस ती दुपार तुला आठवते का? मी अकरावीत होते. नेहरू नगरचं कोचिंग सोडून दिलं होतं. उजाडेपर्यंत जागी राहायचे आणि मग दुपार उलटेपर्यंत पडून असायचे. केस विंचरणंही होत नव्हतं माझ्याने. बाबा म्हणत, फोनचा नाद आहे. आई म्हणे, परीक्षेचं टेन्शन असेल. मला स्वतःला काहीच म्हणायचं नव्हतं. तू ड्यूटीवरून सहज आली होतीस, रेल्वेचा तो निळा शर्ट अंगावर होता. पडदा सरकवला नाहीस, लाइट लावला नाहीस. खाटेच्या कडेला बसलीस.

"यशू, खरं सांग. जगावंसं वाटते का तुले?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी मान हलवून नाही म्हटलं. वाटलं, आता तू ओरडशील, नाहीतर रडशील. तू माझ्या पावलावर हात ठेवून नुसती बसून राहिलीस. मग बाहेर जाऊन बाबांना म्हणालीस, "दादा, पोरगी बिमार हाय. नाटक नाही करून राहिली. उद्याच दवाखान्यात न्या लागते."

"लोक काय म्हणतीन, कुंदा?"

"इले मलेरिया झाला होता तवा लोकाइले विचारलं होतं का?"

बाबांनी दुसऱ्या दिवशीची रजा टाकली. त्या दिवसापासून रात्री आई माझ्याच खोलीत झोपायला लागली. ते तूच सांगून गेली होतीस, हे मला फार नंतर कळलं.

पण आत्या, तूही काही कमी हट्टी नव्हतीस. कबड्डी खेळून तुला रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा जगातल्या सगळ्या दुखण्यांवर मैदान हाच इलाज असं तुझं मत. डॉक्टर मॅडमनी गोळी लिहिली, दर आठवड्याला बोलायला यायचं सांगितलं, तर तू म्हणालीस, "मॅडम, गोली रहने दो. मैं इसको ग्राउंड पे ले जाती हूँ."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ग्राउंड भी ले जाइए और दवा भी दीजिए. पैर टूटा हो तो प्लास्टर उतारकर दौड़ाएँगी क्या?"

तुला असं कोणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं की नींद आना तुम्हारे हाथ में नहीं है, उठना तुम्हारे हाथ में है. रात्री झोप लागो न लागो, सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, उजेडात जायचं, अंग हलवायचं. दिवसा खाटेवर पडायचं नाही. एवढं धरून ठेवलं की झोप हळूहळू आपली जागा घेते, आणि झोप सुधारली की मनालाही थोडा आधार मिळतो. बाकीचं औषध आणि बोलणं करेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला तुझ्या दुर्गच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घेऊन गेलीस. पहिल्याच सकाळी मैदानाला फेरी मारायला लावलीस. मी अर्ध्यातच मातीत बसले. पाय माझे आहेत असं वाटतच नव्हतं. तू म्हणालीस, "नखरे नोको करू यशू, ऊठ." मी उठले नाही. तू पाठ फिरवून निघून गेलीस आणि मी तिथे बसून रडत राहिले. त्या दिवशी तुझा फार राग आला होता, आज सांगते.

दुसऱ्या दिवशी तू त्यावर एक शब्द बोलली नाहीस. फक्त म्हणालीस, "चल, नळापर्यंत जाऊन येऊ." कॉलनीचा नळ, तो काय लांब होता? तिथवर गेलो, तोंड धुतलं, परत आलो. "झालं आजचं," तू म्हणालीस. पुढचे कितीतरी दिवस नळच. मग पाण्याची टाकी. मग मैदानाचं फाटक. धावायला तू पुन्हा कधी सांगितलं नाहीस. एक दिवस मीच फाटकापासून पळत आले, कारण कुत्रं मागे लागलं होतं. तू हसून हसून खाली बसलीस आणि मलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं ते.

उठवायची तुझी पद्धत मात्र दुष्टपणाची होती. हाक मारायची नाहीस, मच्छरदाणीच काढून न्यायचीस. दुर्गच्या मच्छरांपुढे कोण झोपून राहील? आणि जेवणं झाली की माझा फोन तांदळाच्या डब्यात. मी कुरकुरले तर तू तुझाही आणून त्यात टाकलास आणि झाकण लावलंस. सुरुवातीला मी नुसती छताकडे बघत पडायचे. सकाळी तू "झोपली होती का?" असं विचारत नव्हतीस. "उठली ना? बस." एवढंच. ते बरं वाटायचं. झोपेची परीक्षा द्यावी लागत नव्हती.

संध्याकाळी तू कॉलनीतल्या मुलींना कबड्डी शिकवायचीस. मला आधी चुन्याच्या रेषा मारायला ठेवलंस. रेषा मारून मी कडेला बसायचे. एक दिवस एक मुलगी कमी पडली आणि तू मला आत ओढलंस. चढाईला गेले, ओठ हलले, आवाज निघाला नाही. कितीतरी महिने मी धड बोललेच नव्हते, कबड्डी कबड्डी म्हणत कशी जाणार?

तू शिट्टी मारलीस. "आवाज नाही आला. आऊट."

दुसऱ्यांदाही आऊट. तिसऱ्यांदा मला तुझा इतका राग आला की मी ओरडतच गेले. समोरच्या दोघींनी माझा घोटा धरला, कंबर धरली, आम्ही तिघी मातीत पडलो. अंगावर कोणाचं तरी वजन, नाकात धूळ, गुडघा सोललेला. मी तशीच पडून राहिले, तर एकीने हात धरून उठवलं आणि म्हणाली, "बढ़िया रेड थी." त्या रात्री जेवताना मला पेंग येऊ लागली. ताटावरून उठून कधी झोपले, आठवत नाही. सकाळी मच्छरदाणी काढायच्या आधीच जाग आली होती आणि तू दारात उभी राहून माझ्याकडे बघत होतीस.

एका झोपेने सगळं बरं झालं नाही, हे आपल्या दोघींना माहीत आहे. शाळा सुरू झाली, मी घरी परतले, परीक्षा आली तशी पुन्हा जागरणं सुरू झाली. छान वाटतं म्हणून गोळ्याही मी आपल्या मनाने सोडल्या आणि पुन्हा खाली गेले. तेव्हा तू मॅडमपुढे जे बोललीस ते मी विसरणार नाही. "मॅडम, आपने सही बोला था. दोनों लगता है." तुझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल.

त्यानंतर बाबाही बदलले. नाइट शिफ्ट करून प्लांटमधून आले की झोपायच्या आधी मला घेऊन मार्केटपर्यंत चालत जायचे. सायकल हातात धरून, डोळे लाल, फारसं न बोलता. एकदा म्हणाले, "मले वाटे तू आळशी झाली. मले नाही समजलं, बेटा." मी म्हटलं, मलाही समजलं नव्हतं.

आता माझी तक्रार ऐक. मला तू नेहमी म्हणायचीस, "काईही झालं तं सांगत जाय." आणि तू काय केलंस? पोटात गाठ होती. नागपूरला इलाजाला जायचीस आणि आम्हाला सांगायचीस की पंच म्हणून बोलावलंय. आम्ही विचारायचो, कोण जिंकलं? आणि तू खुशाल निकाल सांगायचीस. तुझा आवाज बसला, कपडे ढगळ व्हायला लागले, तेव्हा कुठे बाबांनी तुला धरून विचारलं.

मी दवाखान्यात तुझ्याजवळ बसले होते. विचारलं, "आत्या, कावून नाही सांगितलं?"

"तुले आत्ता कुठं झोप लागून राहिली होती, पोरी."

तुला वाटलं, माझं दुखणं कळलं तर ही पुन्हा बुडेल. कदाचित बुडाले असते. पण तुझ्याजवळ बसायला मला अजून काही महिने मिळाले असते. डबा आणला असता, पाय चेपले असते. तू ते महिने एकटीने काढलेस, याचं मला अजून वाईट वाटतं. रागवत नाही. फक्त वाईट वाटतं.

तू गेल्यावर झोप पुन्हा उडाली. घरातले सगळे माझ्याकडे भीतभीत बघत होते, आणि मीही स्वतःकडे तशीच बघत होते. एका सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, ते पुन्हा येऊन राहिलं असं वाटते." आईने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि लगेच चप्पल घातली. मॅडम म्हणाल्या की माणूस गेलं की दुःख होणारच, सगळंच दुःख म्हणजे आजार नव्हे. पण तुम बताने आईं, यह अच्छा किया. रडून डोळे सुजले तरी ठरल्या वेळी उठायचं, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. मी उठत राहिले. दुर्गला तुझ्या मैदानावर गेले तर सगळ्या मुली रेषेच्या कडेला बसून होत्या. त्या संध्याकाळी कोणी खेळलं नाही. दुसऱ्या दिवशी खेळलो.

मी काही मोठी खेळाडू झाले नाही, आत्या. बारावीला मार्कही बेताचेच पडले. दुर्गच्या कॉलेजात बीकॉम करते आहे. पण भूक लागते, झोप येते, आणि सकाळी उठल्यावर दिवस कसा काढायचा असा प्रश्न पडत नाही. आधी मला वाटायचं, असं फक्त दुसऱ्यांनाच होतं.

मॅडमनी काल हेही सांगितलं की हा आजार पुन्हा येऊ शकतो, आणि आला तर परत औषध घेण्यात काही कमीपणा नाही. म्हणून तुला शब्द देते. तो परत कधीच येणार नाही, असा शब्द मी देऊ शकत नाही. पण आला तर त्याच दिवशी घरात जो समोर दिसेल त्याला सांगेन. तुझ्यासारखं लपवून कोणाला जपणार नाही. तुझं बाकी सगळं घेतलं मी, आत्या, एवढं एक घेणार नाही.

तुझीच पोरगी,
यशू