अण्णांना कन्नड येत नाही

अण्णा, तुमची मुलगी म्हातारपणी पोकर खेळायला लागली आहे, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. दचकू नका, पैसे नसतात, चिंचोके असतात. खालच्या मजल्यावरच्या अक्का, म्हणजे आमच्या घरमालकीण, सांबारासाठी वर्षाची चिंच घेतात, तिचे चिंचोके धुऊन वाळवून एका बरणीत भरून ठेवतात, आणि शनिवारी दुपारी ती बरणी घेऊन वर येतात. गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. पोरांना गणित शिकवून घसा बसला होता, आता कुणाला काही शिकवायचं नाही, असं ठरवून टीव्हीसमोर बसले. सकाळी मराठी मालिका, संध्याकाळी अक्कांबरोबर कन्नड मालिका, आणि मधल्या दुपारी एका खेळाच्या चॅनेलवर हे पोकर. काळे चष्मे घातलेली परदेशी माणसं हिरव्या टेबलाभोवती दगडासारखी बसलेली. बोलणाऱ्याचं इंग्रजी इतकं भरभर की मी आवाजच बंद केला, आणि मग काय मजा यायला लागली म्हणून सांगू! कुणाच्या हातात काय आहे ते नुसत्या तोंडावरून ओळखायचं. ही खोड मला कुठून लागली, ते तुम्हाला सांगायला नको.

ह्यांनी पहिल्या दिवशी कपाळाला हात लावला. "लोक निवृत्त झाल्यावर जप करतात, हिने जुगार धरला." दुसऱ्या आठवड्यात स्वतःच खुर्ची ओढून बसले, आणि आता दोन वाजले की टेबलावर चादर घालायची घाई ह्यांनाच. खेळ सोपा आहे, अण्णा. दोन पत्ते आपल्या हातात झाकलेले, पाच टेबलावर सगळ्यांचे. उरलेली सगळी थापेबाजी. हातात काही नसताना राजाच्या थाटात चिंचोके पुढे सरकवायचे आणि समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला लावायचे. ह्यांना ते जमत नाही, कानाच्या पाळ्या लाल होतात. मला जमतं. पण अक्का वस्ताद बाई. एकदा म्हणाल्या, "टीचर, तुमचं तोंड म्हणजे पाटा आहे, त्यावर काही दिसत नाही. पण थाप मारायची असली की तुम्ही खाण्याचं काढता." म्हणे हातात भिकार पत्ते असले की मी हटकून विचारते, चहा टाकू का, चकली आणू का स्वल्प? मी खूप भांडले. मग आठवून पाहिलं, आणि पत्ते टाकून दिले.

आठवलं ते तुमच्याबद्दलचं. तुमच्याशी मी एकदा फार मोठं खोटं बोलले, आणि वीस वर्षं तो धोंडा छातीवर घेऊन फिरते आहे. ते खोटं तुम्ही खरं मानलंत का, एवढंच मला कुणीतरी सांगायला हवं होतं. आई असेतो तिला विचारायची हिंमत झाली नाही. आता तीही नाही, सहा वर्षं झाली.

थांबा, नीट पहिल्यापासून सांगते. बंगळूरला तुमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आपल्या रांगेत पहिला टीव्ही आपल्याकडे आला. रविवारी संध्याकाळी कन्नड सिनेमा, आणि रांगेतली सगळी मराठी बिऱ्हाडं आपल्या बाहेरच्या खोलीत. कन्नड कुणालाच धड येत नाही. तुमच्याजवळ तर दोनच शब्द, स्वल्प म्हणजे थोडं आणि सरी म्हणजे बरं. भाजीवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक की अण्णांना कन्नड येत नाही. पण सिनेमा सुरू झाला की तुम्ही खुर्ची आईच्या शेजारी ओढता आणि गोष्ट सांगायला लागता. "हा मिशीवाला आहे ना, तो तिचा भाऊ. हा आता औषध आणायला निघालाय." आई मांडीवर ताट घेऊन मेथी निवडते आहे, मान वर करून बघते, हं म्हणते. तुमच्या सिनेमात कुणी कुणाला टाकून जात नसे, सगळे औषध आणायला जात. मी तोवर सातवीत गेलेली, शाळेत कन्नड शिकलेली, शहाणी. आणि एका रविवारी ती नायिका नवऱ्याच्या मांडीवर मरते, सगळं गाव रडतंय, आणि तुम्ही शांतपणे सांगता, "झोपली. दमलीय बिचारी. सकाळी उठेल." मला राहवलं नाही. भरल्या खोलीत ओरडले, "अण्णा, ती मेली! काहीतरीच काय सांगता!" लोक हसले. तुम्हीही हसलात. "असं होय? मला कुठं कळतंय त्यांचं."

आईने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. मला वाटलं आता फटका बसणार. फटका नाही बसला, पण ते बोलणं मला फटक्यापेक्षा लागलं. "शहाणपणा शाळेत दाखव. मला काय डोळे नाहीत? मेलेली दिसते मला. पण ह्यांच्या तोंडून ती झोपली ना, की मला बरं वाटतं. त्यांना सांगू दे." आपण बंगळूरला आलो त्याच वर्षी कऱ्हाडला मावशी बाळंतपणात गेली, आणि आईला वेळेवर पोचता आलं नाही, हे मला पुष्कळ मोठी झाल्यावर कळलं. त्या रविवारी मात्र मी फुरंगटून न जेवता झोपले.

दुसऱ्या रविवारी तुम्ही मला पत्त्यांचा कॅट आणून दिलात, प्लॅस्टिकचा, गुळगुळीत. आई म्हणाली, "पोरीच्या हातात पत्ते देतं का कुणी? लोक देतात बाहुली नाहीतर पुस्तक." तुम्ही म्हणालात, "हिला माणसं वाचायची हौस आहे, तर नीट वाचू दे." मग सुट्टीच्या दुपारी मेंढीकोट. तुमचे पत्ते ओळखायला मला महिनासुद्धा लागला नाही. हातात वाईट पत्ते आले की तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायचात. चांगले आले की डाळिंबाची आख्खी गाडी घरात उतरल्यासारखे खूश दिसायचात, पण ते कुणालाही कळायचं. चष्म्याचं फक्त मला माहीत होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मग मी जिंकले नसते. तोच कॅट अजून आहे. चौकटचा गुलाम हरवला, त्याच्या जागी माझ्या लग्नपत्रिकेचा तुकडा कापून त्यावर गुलाम काढलाय. अक्का म्हणतात हा गुलाम ह्यांच्यासारखा दिसतो.

आता ते खोटं. तुमच्या पोटाचे रिपोर्ट घेऊन आपण दोघं डॉक्टरांकडे गेलो होतो. महिनाभर तुम्हाला अर्धी भाकरी जात नव्हती, गळपट्टा सैल झाला होता. आत शिरता शिरताच मी डॉक्टरांना सांगितलं, "अवरिगे कन्नड बरल्ल," ह्यांना कन्नड येत नाही. डॉक्टरांना हायसं वाटलं असावं. ते माझ्याशी कन्नडमध्ये मोकळेपणाने बोलले, तुम्ही शेजारच्या खुर्चीत. आता फार काही करण्यासारखं नाही, म्हणाले. दसरा निघेल असं धरून चालू नका. सुया-नळ्या नकोत, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. मी मान हलवत ऐकते आहे, तोंडाचा पाटा करून. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "पोटाला सूज आहे. वेळ लागेल, पण उतरेल. पथ्य काही नाही, आवडेल ते खा म्हणाले. डोसा खायचा का, अण्णा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "सरी." बनशंकरीच्या त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात तुम्ही लोण्यात थबथबलेले दोन बेण्णे डोसे खाल्लेत, वर कॉफी मागितलीत, आणि म्हणालात, "आईला मी सांगतो. गोष्ट सांगायचं काम माझं."

नंतरचे दोन महिने तुम्ही घरात खुडखुड करत होतात. आईला सिलिंडर बदलायला शिकवलंत, ती घाबरायची तरी चार-चारदा करून घेतलंत. रिमोटच्या बटणांवर रंगीत टेप चिकटवलीत, लाल दाबलं की मराठी. मागच्या दाराची कडी घासून सैल केलीत. आई म्हणायची, "ह्यांना काय खूळ लागलंय!" दसऱ्याच्या आधी तुम्ही गेलात. आणि मला तेव्हापासून एकच: एका माणसाचं मरण मी त्याच्यापासून चोरलं. त्याला गावी जाऊन यायचं असेल, कुणाला काही बोलायचं असेल, आईला जवळ बसवायचं असेल, आणि मी त्याला डोसा खाऊ घातला. कोण लागून गेले होते मी?

तर परवाचा शनिवार. अक्कांचे दीर यशवंतपूरहून आले होते, त्यांनाही बसवलं. सत्तरीचे, हसरे, केस अजून काळे करणारे गृहस्थ. मी पत्ते वाटते आहे, माझ्या हातात राणी आणि दश्शी, टेबलावर आणखी दोन राण्या आणि एक दश्शी. असा डाव वर्षात एकदा येतो, अण्णा. मी चिंचोक्यांना हात घालणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष टीव्हीच्या वर टांगलेल्या तुमच्या फोटोकडे गेलं आणि ते ताडकन उभे राहिले. "अय्यो! हे तर आमचे गुरुगळु! टूलरूमचे चार्जमन!" ते तुमच्या हाताखाली फिटर होते. आणि मग ते सांगत सुटले. रविवारी ज्यांची पाळी असायची त्यांचा सिनेमा चुकायचा, म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन तुमच्याभोवती बसायचे, आणि तुम्ही सबंध सिनेमा सांगायचात. कन्नडमध्ये. संवादांसकट. "आमच्यापेक्षा छान कन्नड बोलायचे हो! एकदा ती बाई नवऱ्याच्या मांडीवर मरते ते सांगितलं, आमचे डबे तसेच राहिले, सगळे फिटर रडत होते."

मी पत्ते टेबलावर टाकले आणि आत गेले. ह्यांचं मागून ऐकू येत होतं, "अहो, तीन राण्या! हिने तीन राण्या टाकल्या!" मी गॅस पेटवून उभी. अक्का माझ्यामागे आल्या, मी खरंच आधण ठेवलंय का ते पाहिलं, आणि म्हणाल्या, "आज थाप नाही वाटतं." मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी रडले, सांगायला लाज कसली.

काय माणूस आहात हो तुम्ही! कारखान्यात ती मरत होती आणि घरी झोपत होती. आईला गोष्ट हवी होती म्हणून आपल्याच घरात अडाणी होऊन राहिलात, पोरीने चारचौघांत चूक काढली तरी हसलात. मला आधी राग आला, खरं सांगते. फोटोसमोर उभी राहून म्हटलंसुद्धा, फसवलंत मला. मग सिलिंडर आठवला. लाल टेप आठवली. ती कडी आठवली. डॉक्टरांचा शब्द न् शब्द तुम्हाला कळला होता, आणि बाहेर येऊन तुम्ही मला विचारलंत, काय म्हणाले? पोरीला गोष्ट सांगायची आहे, सांगू दे.

मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ऐकून ह्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बघ, त्यांना माहीत होतं. त्यांचं काही राहून गेलं नाही. उतरलं ना आता ओझं?" मी हो म्हटलं आणि विचारलं, "उप्पीट टाकू का?" ह्यांना अजून ते कळत नाही, म्हणून बरं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्या कॅटच्या खोक्यात, कागदी गुलामाच्या खाली घडी करून ठेवीन. पण ठेवण्याआधी जे ह्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. डॉक्टरांच्या तोंडून दसऱ्याचं नाव निघालं, तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागलात. मी पाहिलं, अण्णा. अक्कांच्या दिरांनी मला नवीन काही सांगितलं नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं; चष्मा मळला असेल, ही थाप मी नंतर वीस वर्षं स्वतःलाच मारली. तेव्हा मी मान फिरवून डॉक्टरांकडे बघत राहिले, कारण तुमच्याकडे बघितलं असतं तर तिथेच भोकाड पसरलं असतं आणि तुम्हाला मला समजवावं लागलं असतं. मला ते नको होतं. मला तुम्हाला डोसा खाऊ घालायचा होता. आणि तुम्ही, अर्धी भाकरी न जाणारे, चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्यासमोर बसलात आणि दोन डोसे खाल्लेत.