लिडिएटांची चांदीची परडी

माळ्याचं घर, लिडिएट हॉल,
हेरफर्डशायर
१६ सप्टेंबर १९५६

प्रिय डोरकस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. सत्तावीस वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट चुलीत टाकू नकोस, आधी वाच. यंदा नाशपातीच्या फांद्या ओझ्याने मोडताहेत. माझा गुडघा जिना चढू देत नाही, बाकी ठीक.

राल्फसाहेबांचं लग्न झालं. नव्या सुनेनं पहिल्या जेवणाला घराण्याच्या परडीतून पाव फिरवायचा, ही रीत तुला ठाऊकच आहे. त्यासाठी त्यांनी लंडनच्या दुकानातून खरी परडी शोधून परत विकत आणली. मधोमध कोरलेला तोच बगळा, मी लांबूनच ओळखला. रविवारी वाढायला मला बोलावलं होतं. पाव फिरत असताना राल्फसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या एका मोलकरणीनं ही लांबवली होती. जागी खोटी ठेवली." नवरीनं विचारलं, "कोण ती?" आणि त्यांनी तुझं नाव घेतलं.

तू घासायचीस किती मन लावून! कडेचा मुलामा उडाला तशी स्वतःच ती जागेवरची परडी घेऊन राल्फसाहेबांच्या आईकडे गेलीस, "बाईसाहेब, चांदीखालून तांबं दिसतंय." चोराला असं सुचेल का? तरी संध्याकाळच्या आत तुला घालवलं, शिफारशीची चिठ्ठीसुद्धा न देता. थोरले साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मीही तिथेच होते, तोंडात मिठाची गुळणी धरून. तुला वाटलं, ताईचाही आपल्यावर विश्वास नाही. तसं असतं तर बरं झालं असतं गं.

मला माहीत होतं. थोरल्या साहेबांनी बाईसाहेबांच्या नकळत खरी परडी विकली, जागी मुलाम्याची ठेवली, आणि लंडनला ती खरी मीच नेली. हॅटच्या पेटीत, वर माझी रविवारची हॅट ठेवून. तोंड बंद ठेवलं म्हणून हे घर मला जन्मभरासाठी मिळालं.

सोमवारी न्याहारीच्या वेळी मी राल्फसाहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"हेस्टर, वय झालं तुझं. घोटाळा होतोय."

"घोटाळा गुडघ्यात आहे साहेब, डोक्यात नाही. कडीची डावी बिजागरी बघा. पॅडिंग्टन स्टेशनवर माझ्या हातून पडली, तेव्हा वाकली."

त्यांनी परडी फिरवली. बिजागरी वाकलेलीच होती.

"बाबांचं नाव जाईल," ते पुटपुटले.

"आणि तिचं गेलं ते?" नवरी म्हणाली. पोरगी खमकी आहे.

मी म्हटलं, "डोरकसनं चोरी केली नाही, एवढं लिहून सही करा. नाहीतर मी गावभर सांगते."

"आणि घर?" राल्फसाहेबांनी विचारलं.

मी किल्ली टोस्टच्या ताटलीशेजारी ठेवली.

सहीचा कागद सोबत आहे. किल्ली ते परत देत होते, मी घेतली नाही. शनिवारी लेमस्टरला बेकरीवरच्या खोलीत राहायला जाते. जिना आहे, चढेन बसत बसत.

सही मिळाली तर गप्प राहीन असं म्हटलं होतं खरं, पण कागद तुझ्यापाशी राहील, गावाला कसं कळणार? म्हणून येत्या रविवारी प्रार्थना सुटली की चर्चच्या दारात मी बोलणार आहे. थोरल्या साहेबांचं सांगेन, माझंही सांगेन. माफी मागायला हे लिहिलं नाही. ती द्यायची की नाही, ते तुझं तू बघ. उत्तर नाही आलं तरी मी बोलणारच.

परडी नेणारी,
हेस्टर