त्याच कुकरमध्ये

बाई,

गेल्या शुक्रवारी मी माझ्या घरी डुकराचं मटण शिजवलं, आणि ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तुम्ही असता तर मी हे तुमच्यासमोर बोललेच नसते. हात मागे बांधून 'हो बाई' म्हणत उभी राहिले असते. पण आता तुम्ही नाही, मी पन्नाशीला आलेय, बहरीनमध्ये माझं घर आहे, पाण्याच्या लॅबमध्ये माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि मला तुमचा राग आला आहे. तो इतका उशिरा यावा, ह्याचाही राग आला आहे.

आम्ही जनाबियाला राहतो, एका कंपाउंडमध्ये. समोरच्या व्हिलात मेक्सिकोचं एक कुटुंब आहे. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात. त्यांची आता बदली झाली आहे, पुढच्या महिन्यात जातील, म्हणून माझ्या मुलीने हट्ट धरला की जाण्याआधी त्या काकूंकडून पोसोले शिकून घे. पोसोले म्हणजे त्यांच्याकडचं सणासुदीचं सूप. डुकराचं मटण, मक्याचे टपोरे दाणे आणि लाल मिरचीचा रस्सा. माझी मुलगी त्यांच्याकडे ते लहानपणापासून खात आली आहे, हेही मला तेव्हाच कळलं. "सूपच तर आहे, आई," ती इंग्रजीत म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. तिची आई चौथीत असल्यापासून ह्या मांसाला शिवलेली नाही, हे तिला कुठून ठाऊक असणार? शेजारीण म्हणाली, पोसोलेला अख्खा दिवस लागतो. मी म्हटलं, माझ्याकडे कुकर आहे. ती घाबरून म्हणाली, "तो शिट्ट्या मारणारा बॉम्ब?"

इथे मोठ्या सुपरमार्केटात डुकराचं मांस मिळतं, पण ते मागच्या एका वेगळ्या खोलीत असतं. दारावर पाटी, की हे मुसलमानांसाठी नाही. त्या दारावरून मी इतक्या वर्षांत किती वेळा ट्रॉली ढकलत गेले असेन, कधी मान वळवली नाही. शेजारणीने दंड धरून मला आत नेलं. आत गारठा, आणि त्या गारठ्यात आमच्या मराठी मंडळातल्या एक वहिनी उभ्या. मूळच्या पुण्याच्या. गणपतीत आरतीचं ताट ह्यांच्या हातात असतं आणि सोवळ्यातला नैवेद्य ह्यांच्याच घरून येतो. मी चोरी पकडल्यासारखी थिजले. त्या मात्र खुशीत हसल्या. "अय्या, तू पण? मुलांना बेकन लागतं गं ब्रेकफास्टला. ह्यांना हॅम." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इथलं खायला हरकत नाही हं. इम्पोर्टेड असतं, एकदम क्लीन. आपल्याकडचं मात्र नाही खायचं. तिकडची डुकरं काय काय खातात, आणि ते पाळणारे लोक... शी!"

शेजारीण खांद्याचं मांस आणि खुरं निवडत होती. आम्ही काय करणार आहोत हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "मेक्सिकन! मग मला बोलव ना. मी कधी ऑथेंटिक खाल्लं नाहीये." मी "या ना" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाडीत बसले तेव्हा डोळ्यांसमोर तुम्ही होतात. तुम्ही कधी 'शी' म्हणाला नाहीत. तुमची तऱ्हा निराळी होती.

चौथीतली ती दुपार. आम्ही मुली व्हरांड्यात जेवायला बसलोय. माझ्या डब्यात भाकरी आणि रात्रीच्या कालवणातले दोन तुकडे, आईने मुद्दाम माझ्यासाठी राखलेले. शेजारची मुलगी नाक धरून उठते आणि तुम्हाला बोलावून आणते. तुम्ही ओरडत नाही. पदराचं टोक ओठांशी धरून माझ्यासमोर वाकता आणि हातातल्या पट्टीने माझ्या डब्याचं झाकण ढकलून बंद करता. पट्टीने, बाई! "हे शाळेत आणायचं नाही. तू हुशार मुलगी आहेस. हुशार मुली असलं खात नाहीत. उद्यापासून तुझा डबा मी आणीन." आणि तुम्ही खरंच आणलात. माझ्यासाठी नवा कोरा स्टीलचा डबा घेतलात, आणि सातवीपर्यंत रोज मला तुमच्या घडीच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, कधी गुळांबा मिळत राहिला. सगळा गाव तुमचं नाव काढायचा. निरोपाच्या कार्यक्रमात हेडमास्तरांनी ही गोष्ट भाषणात सांगितली, मला उभं करून दाखवलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण तो डबा कधी तुमच्या घरी गेला का? तो शाळेच्या खिडकीत असायचा. मी तो नळावर घासून तिथेच पालथा घालायची, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या डब्यातली पोळीभाजी त्यात वरून सोडायचात, डब्याला डबा लागू न देता. मला तेव्हा ती तुमची लकब वाटायची. शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून मी जेवायची आणि तुम्ही आतून विचारायचात, "पुरलं का गं?" तुम्ही दुष्ट असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते. पण तुम्हाला माझं पोट भरलेलं हवं होतं, मी शिकायला हवी होते, आणि माझ्या अंगावरून माझी आई धुऊन निघायला हवी होती. हे सगळं तुम्ही मनापासून, मायेने केलंत, आणि म्हणून आजवर मला तुमच्यावर धड चिडताही आलं नाही. चिडायला गेलं की पोळ्या आठवायच्या.

"घरी खाल्लंस तर दात घासून येत जा, वर्गात वास येतो," असं तुम्ही एकदा माझ्या कानात सांगितलंत. त्या दिवसापासून मी घरी खाणंच सोडलं. आमची वस्ती गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे. पाहुणे आले की डुक्कर पडायचं, आणि मटण सगळ्यांना पुरावं म्हणून आई मोठ्या पातेल्यात मक्याचे दाणे टाकायची. "खा की गं," ती म्हणायची. "नगं." "का नगं? काय झालं?" "वास येतोय." "कशाचा?" मी बोलायची नाही. तिचं तिला कळलं. मग ती माझ्यासाठी निराळं पिठलं टाकायला लागली, आणि मला वाढायच्या आधी उठून हात धुवायला लागली. राखेने घासून घासून. माझ्या आईने मला वाढताना आधी हात धुवायचे, बाई! आणि एवढं होऊनही ती एक दिवस शाळेत तुमच्या पाया पडायला आली. तुम्ही घाईने मागे सरलात आणि म्हणालात, "राहू दे, राहू दे, तिथूनच."

तर गुरुवारी संध्याकाळी मांस घरात आलं. माझा नवरा आमच्याच लोकांतला, दुसऱ्या जिल्ह्यातला. तोही खात नाही. लग्नानंतर ह्या विषयावर आम्ही कधी बोललोच नाही, न बोलता ठरलेलं होतं. फ्रीजमध्ये बघून तो म्हणाला, "त्याच कुकरमध्ये लावणार? मनामाच्या बाजारातून एक नवा आणू या ना. ह्याच्यासाठी वेगळा."

'वेगळा' ऐकलं आणि माझा आवाज चढला. "वेगळा कशाला? ह्यातच लावणार. आणि शनिवारी वरणही ह्यातच लावणार."

"मी फक्त म्हटलं."

"म्हणूसुद्धा नकोस."

शेजारणीने सांगितलं होतं की मका आधी 'काल' नावाची पूड घालून उकळायचा, त्याशिवाय दाण्याची सालं निघत नाहीत. तिच्याकडची ती पांढरी पूड संपली होती, पुडीला चिकटलेली तेवढी उरली होती. मी लॅबमधली बाई, मला ओळखायला वेळ लागला नाही, तो आपला चुनाच. थोड्या वेळाने नवरा उठला आणि स्वतःच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी आणून ओट्यावर ठेवून गेला. मनामातल्या नईम भागाच्या पुढे एका दुकानात वाळलेला पांढरा मका मिळाला होता. तो चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवला.

एका व्यक्तीला मात्र मी आधी फोन केला. माझी एक मैत्रीण आहे, रत्नागिरीची, मुसलमान, बुदैयाला राहते. ती बरेचदा माझ्याकडे जेवते. तिला म्हटलं, मी घरात डुक्कर शिजवतेय, नेहमीच्याच कुकरमध्ये, म्हणून सांगून ठेवते. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस. आता तुझ्याकडे चहा आणि फळं. जेवायला तू माझ्याकडे ये, इंशाल्ला पुढच्याच आठवड्यात." खलास, विषय संपला. तिच्या धर्मात नाही, ती खात नाही. तेवढ्याने मी तिच्या नजरेत खाली गेले नाही. हे इतकं सोपं असू शकतं, हे तुमच्या शाळेत मला कुणी शिकवलं नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारीण आली. आम्ही दोघींनी मका चोळून चोळून धुतला, सालं निघून दाणे लख्ख झाले. मांस, खुरं, लसणाचा अख्खा गड्डा, कांदा, तमालपत्र, मीठ आणि मका, सगळं माझ्या मोठ्या कुकरमध्ये गेलं. तिच्या सुक्या मिरच्या बेडगीसारख्याच, जरा थोराड. त्या भिजवून, वाटून, गाळून तेलात परतल्या. पहिली शिट्टी झाली तशी ती किंचाळून दारापर्यंत पळाली. "माझ्या आजीने हे पाहिलं तर मला घरात घेणार नाही," ती हसत म्हणाली. "ती दिवसभर पातेल्यापाशी बसून असायची." मी गॅस बारीक केला. झाकण उघडलं तेव्हा खुरं बोटाने दाबली तरी सुटत होती आणि मक्याचे दाणे फुलासारखे उमलले होते. वास घरभर झाला. मी सवयीने खिडकी उघडायला गेले आणि उघडली नाही.

वहिनी वेळेवर आल्या, मिठाई घेऊन. वाडग्यात सूप, वर चिरलेला कोबी, मुळ्याच्या चकत्या, लिंबू. त्यांनी आधी फोटो काढला, मग एक घास घेतला आणि डोळेच मिटले. "काय सुंदर झालंय गं! ह्या लोकांचं मला आवडतं, काही वाया घालवत नाहीत. खुरंसुद्धा!" मग काहीतरी सुचून, "कुकर वेगळा ठेवलायस ना ह्याच्यासाठी?"

"नाही. रोजचाच."

त्या हसल्या. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं.

"आमच्याकडेही काही वाया जात नव्हतं," मी म्हणाले. "माझी आई डुकरं पाळायची."

त्यांचा चमचा वाडग्यात थांबला. "म्हणजे... फार्म होता तुमचा?"

"नाही वहिनी. फार्म नव्हता. डुकरं होती. ओढ्याच्या पलीकडे, आम्हीही तिथेच राहायचो. तुम्ही काल दुकानात म्हणालात ना, पाळणारे लोक. ते आम्ही."

"अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं," त्या पुटपुटल्या. चेहरा लाल झाला होता. मग त्या मुळ्याच्या चकत्या खात बसल्या, रश्श्याला त्यांनी पुन्हा चमचा लावला नाही. तेच सूप, बाई! डोळे मिटून खाल्लेलं, फोटो काढलेलं. मेक्सिकोचं होतं तोवर गोड लागत होतं, ओढ्यापलीकडचं झालं आणि घशाखाली उतरेना. थोड्या वेळाने "यल्ला, निघते मी, उशीर होतोय" म्हणून त्या गेल्या. नवरा इतका वेळ पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. दार लागल्यावर त्याने वाडगा पुढे ओढला आणि खायला सुरुवात केली. संपल्यावर पुन्हा घेतलं.

मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. "आजीकडे खरी डुकरं होती?" तिने विचारलं, आणि मराठीत विचारलं.

"होती."

"पिल्लं पण?"

"पिल्लं पण."

"आणि हे तू मला आज सांगतेस?" ती भडकली होती. मला बरं वाटलं. आमच्या घरात अखेर कुणीतरी मोकळेपणी, खायला मिळालेल्याची भीड न बाळगता चिडलं होतं. माझं सगळं बोलणं तिने शेजारणीला इंग्रजीत सांगितलं. शेजारणीचा चेहरा जराही बदलला नाही. तिच्या आजीकडेही होती, एवढी मोठी, म्हणून तिने हाताने उंची दाखवली. मग तिने मला सहज विचारलं, "तुझ्या आईच्या हातचं कसं लागायचं? असंच?" मुलगी बघत होती, नवरा बघत होता. "अगदी असंच," मी म्हणाले. मुलगी इतकी खूश झाली की तिने वाडगा हातात घेऊन रस्सा तोंडाला लावला.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या मुलांचा पत्ता शोधला तर सापडेल, पण त्यांना त्याचं काय? एवढंच सांगायचं राहिलं आहे, आणि ते घरात कुणाला सांगता येणार नाही. आईचं पातेलं मला दिसतं. वाफ दिसते, ती वाकून ढवळताना दिसते. चव मात्र मला आठवत नाही, बाई. पहिला घास मी जिभेवर धरून ठेवला होता, बराच वेळ. वाटलं, आता आठवेल. काही आलं नाही. 'अगदी असंच' हे मी अंदाजाने म्हणाले.